बिनआवाजाचं रडणं

रत्नागिरीतल्या इस्पितळाच्या त्या खोलीत गळ्यात नळी घातलेली मुलं महिनोन्महिने राहायची. नळीतून श्वास चालायचा, पण आवाज फुटायचा नाही. माझी लेकही तशीच रडायची. तोंड वासलेलं, डोळ्यांना धारा, आणि खोलीत चिडीचूप. सिस्टरांनी आम्हा आयांना सुरुवातीलाच बजावलं होतं, कानांवर विसंबू नका, बघत राहा. अंघोळीला जायचं तरी शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईला नजर ठेवायला सांगून जायचं.

माझ्या शेजारच्या खाटेपाशी बसणारी माझी शेजारीण नाटे गावची. नवरा मासेमारीच्या बोटीवर, तिचं तोंड महाफटकळ, पण माझ्या लेकीकडे माझ्याहून बारीक लक्ष. तिचा मुलगा एका दुपारी गेला. आम्ही सगळ्या तिथेच होतो. यंत्र ओरडलं, तो नाही. सामान आवरताना ती मला एवढंच म्हणाली, "त्याचा आवाज कसा होता, ता पन मला ठाव नाय."

त्या खाटेवर दुसरं मूल आलं. मी तिकडे बघायचं टाळायची. चुकून नजर गेलीच तर तोच दिसायचा, तोंड उघडून रडताना.

पुढे डॉक्टरांनी लेकीची नळी काढून बघायचं ठरवलं. श्वास जमला तर घर, नाहीतर पुन्हा नळी, कदाचित कायमचीच. नळी काढल्यावर सिस्टर तिच्यापाशी बसल्या आणि मला जरा तोंड धुऊन यायला सांगितलं. बेसिनपाशी उभी होते तेवढ्यात मागून खरखरीत रडणं ऐकू आलं. मी धावले ती थेट शेजारच्या खाटेकडे, आणि तिथल्या झोपलेल्या मुलाकडे खुळ्यासारखी बघत राहिले.

"अगो, तुझीच रडतेय," सिस्टर म्हणाल्या.

आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण तो आवाज माझ्या लेकीचा आहे हे मन मानेना. अजूनही पुरतं मानत नाही.

आम्ही घरी आल्यावर नाट्याहून त्या शेजारणीचा फोन आला. लेकीने नेमकं तेव्हाच भोकाड पसरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला कडेवर घेऊन मी घाईघाईने थोपटायला लागले. पलीकडून ती हळू आवाजात म्हणाली, "गप करू नको गो तिला. रडू दे वायच. मी आयकतंय."