बयाबाई दर्या बघायला आली तो दिवस

वरंधा घाटाच्या माथ्यावर धनगरांची चार घरं होती, त्यातलं एक बयाबाईचं. आमच्या शाळेपासून वर चढून जायला अर्धा तास लागे. मी मास्तरांची बायको. दुधाला तिच्याकडे जायची आणि गेले की तासभर बसायची. दूध आणायला गेलीस की म्हैस आणायला, असं मास्तर विचारत.

बया हसरी, बोलकी, पायाला भिंगरी लावल्यासारखी. पण गेल्या आठ वर्षांत ती एक रात्र माहेरी राहिली नव्हती की भोरचा बाजार बघायला गेली नव्हती. कारण घरची भुरी म्हैस. भुरी फक्त बयाच्या हाताला पान्हा सोडी. दुसरं कोणी धारेला बसलं की लाथ घाली. भुरी आटली की तिची लेक दुधावर येई, आणि तिचीही तीच तऱ्हा. म्हैस दावणीला आणि बया म्हशीला बांधलेली, असं मी म्हणायचे. मला त्याचा फार राग यायचा. कोणाचा, ते मात्र ठरत नसे.

पंचावन्न सालच्या माघात मास्तरांनी गावाची सहल काढली. कोळशाच्या ठेकेदाराने ट्रक दिला. पहाटे घाट उतरायचा, महाडजवळची लेणी बघायची, दुपारी दर्या, आणि रात्री जेवणवेळेला परत. बया रोज कड्यावर म्हशी चारायची. त्या खालच्या डोंगरांपलीकडे दर्या आहे, एवढंच तिने ऐकलेलं. यायचं का विचारलं तर तिचे डोळे चमकले, आणि मग संध्याकाळच्या धारेचं काय, असं तिने विचारलं.

तेव्हा मी शहाणपण केलं. माझ्या मामाकडे अशीच एकहाती म्हैस होती. मामी घरी नसली की मामा तिचं लुगडं नेसून धारेला बसे, आणि म्हैस वासाला फसे. हे मी बयाच्या नवऱ्याला, हैबतीला सांगितलं. तो आधी लाजला, मग हसला, मग बघू म्हणाला. बया तेव्हा मला काही सांगू पाहत होती, पण मी तिला बोलू दिलं तर ना. नवं लुगडं नेस, जुनं मागं ठेव, असा हुकूमच सोडला.

लेण्यांत दगडात कोरलेल्या खोल्याच खोल्या. इथे भिक्षू राहायचे, असं मास्तरांनी सांगितलं. बया एका खोलीत जाऊन भिंती चाचपून आली आणि त्यांनी जनावरं कुठं बांधली असतील, असं विचारू लागली. त्यांना जनावरं नव्हती म्हटल्यावर ती उंबऱ्यावर टेकली. बरं होतं त्यांचं, म्हणाली.

दर्यावर पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बायका लुगडी खोचून पाण्यात शिरल्या, ओरडल्या, भिजल्या. बया गुडघाभर पाण्यात एकटी उभी होती. मी हौसेने जवळ गेले, तर ती सूर्य किती कलला ते बघत होती.

"आमच्या मालकाला जमंल का वो धार?" तिने विचारलं.

जमेल, काळजी करू नकोस, मी म्हटलं.

"तीच काळजी हाय, मास्तरीणबाई. मला लेकरू न्हाई. लग्नाला तीन वरसं झाली तवा सासू म्हनाया लागली, धाडा हिला म्हायेरी, दुसरी करा. मग भुरी येली, दूध सुरू झालं. सासू धारंला बसली की म्या आडून भुरीला खडा मारायची. मालक बसलं की खडा. पंधरा दिवस मारला, पुढं तिच्या लेकीलाबी. तवापासनं मला कुनी जा म्हनलं न्हाई."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे तिने ओळखलं होतं. आणि मी, दीडशहाणी, तो हात सोडवून आले होते. परतायला किती वेळ लागेल, मास्तरांना विचारून पाहिलं. कितीही पळवला तरी ट्रक दिवेलागणीच्या आत पोहोचणार नव्हता.

घाटमाथ्यावर हैबती कंदील घेऊन रस्त्यावर आला होता. आनंदाने त्याला सांगू किती आणि काय असं झालं होतं. भुरीने मान वळवून त्याने नेसलेलं लुगडं हुंगलं आणि भांडंभर दूध दिलं. सासूने तर शेजारच्या तिन्ही घरांत जाऊन सांगितलं होतं, आता आमचं कोणावाचून अडत नाही. सगळा ट्रक हसला, बयाही हसली.

तिसऱ्या दिवशी मी वर गेले. बया दारात बसून जुनं लुगडं फाडत होती. गोधडीला घेतलंय, म्हणाली. नेसायला आता अंगावरचं एकच होतं, मागं ठेवायला दुसरं नव्हतं. ते धुतलं की वाळेपर्यंत ती घोंगडी गुंडाळून बसणार होती. मी तिला समजावलं, हैबती भला माणूस आहे, तो तुला असा सोडायचा नाही.

"गुरुजी तुमास्नी सोडायचं न्हाईत," ती फाडता फाडता म्हणाली. "तुमास्नी दोन लेकरं हाइत."

मी तिच्याशेजारी बसले आणि लुगड्याचं दुसरं टोक धरलं.