पंख दोन, म्हणजे आपली

"जा बाई, घरी वाट बघत असतील," असं म्हणून ते डबीचं झाकण काढत आणि आत गारठून बसलेली माशी उन्हात शेकून उडेपर्यंत कुंपणाच्या भिंतीपाशी उकिडवे बसून राहत. माशीला निरोप देणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. झाशीत, नगरा भागात, तो माझा शेजारी होता.

रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी भोपाळला. सगळी गल्ली त्यांना काका म्हणे. या वयात माणसं देवदेव करतात. हे माश्या ओळखत. घरातल्या नव्हेत हो. फुलांवर येणाऱ्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या, मधमाशीचं सोंग घेतलेल्या. मी एखादीला मधमाशी म्हणालो की काका कपाळाला हात लावत. "भैया, आधी पंख मोज. चार असतील तर मधमाशी. पंख दोन, म्हणजे आपली."

माशी फोटोसाठी काही थांबत नाही. म्हणून ते तिला डबीत पकडून फ्रिजमध्ये दुधाशेजारी थोडा वेळ ठेवत. ती सुस्तावली की भिंगातून फोटो, आणि लगेच ऊन. मारायची नाही, हा नियम. माशी पाळलीत का म्हणून दूधवाला चिडवायचा, "काए चच्चा, माखी पाल लईं का?"

"पाली नहीं है भैया, मेहमान है," काका म्हणत. मग त्या पाहुणीचं नाव शोधायला बसत आणि भाजी करपवत.

एका पाहुणीने मात्र त्यांना छळलं. अंगणातल्या शेपूच्या फुलांवर थंडीत येणारी, काळपट अंगाची, तांबूस डोळ्यांची. मोबाइलवरच्या माश्यांच्या ग्रुपमधल्या जाणकार बाई दरवेळी एकच सांगत: मागच्या पायांच्या खालचे केस पाहिल्याशिवाय नाव देता येणार नाही, नमुना लागेल.

"नमुना म्हणजे मढं," काका वैतागून म्हणत. पण तोच फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत. त्यांना ते नाव हवं होतं, फार हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात ते एका लग्नाला मऊरानीपुरला गेले. घराची किल्ली नेहमीसारखी माझ्याकडे. परत आले तेव्हा फ्रिजमधल्या डबीत तीच माशी पाय आखडून पडली होती. निघायच्या गडबडीत सोडायची राहिली, असं ते म्हणाले. आता मेलीच आहे तर काढा फोटो, मी म्हणालो. त्यांनी तिला भिंगाखाली उलटी केली.

नाव आलं. लांबलचक, शास्त्रातलं. या भागातली ही तिची पहिलीच नोंद, असं बाईंनी लिहिलं आणि ग्रुपमध्ये अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला. मी पेढे घेऊन गेलो. काकांनी बॉक्स उघडलासुद्धा नाही.

"भैया, मी विसरलो नव्हतो."

मी पेढ्यांचा बॉक्स बाजूला सरकवला.

"स्टँडवरच आठवलं. बस सुटायची होती. किल्ली तुझ्याकडे, फोन माझ्या हातात. तुझा नंबरपण काढला होता. मग म्हटलं, राहू दे."

त्यांचा चेहरा बघवेना. समजूत घालायची म्हणून मी म्हणालो, "काका, शेवटी माशीच तर होती."

"बसमध्ये मी स्वतःला हेच सांगितलं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एकही माशी पकडली नाही. ग्रुपही सोडला. अंगणात शेपू फुललेला असताना दार लावून बसत. होळीनंतर मुलगी न्यायला आली.

निघायच्या दिवशी सामान ऑटोत ठेवून झालं तरी काका दिसेनात. बघतो तर भिंतीपाशी उकिडवे. समोर उन्हात डबी, झाकण काढलेलं, आत तीच मेलेली माशी, पाय आखडलेली. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, मुलगी हाका मारत होती. काका माशीकडे बघत बसून राहिले. या वेळी त्यांनी तिला जा म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने गुडघ्यांवर हात टेकून उठले, डबी तशीच उघडी ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.