पालथा तवा

दुपारी अडीच वाजले की कौसामावशी तवा पालथा घालायची. चुलीवरच, सगळ्यांच्या देखत. आमच्याकडे तवा पालथा पडतो तो घरात मयत झाल्यावर, त्यामुळे नागापूरच्या एमआयडीसीतून तिच्या खानावळीकडे वळलेला माणूस दारातच दचकायचा. मावशीला तेच हवं होतं. "पाटी लावली तर लोक वाचत्यात आन् आत येत्यात," ती म्हणायची. "तवा बघितला की परत जात्यात."

अडीचनंतर ती काय करते, यावर कारखान्यांच्या गेटवर बरेच तर्क होते. नवरा अंथरुणाला खिळलाय, पोथी वाचते, गुडघ्यांना लेप लावते. मी सरळ विचारलं. "झोपते," ती म्हणाली. आजारी नवरा आपल्या समाजाला चालला असता. पोथी तर धावली असती. बाई दुपारची नुसती झोपते, हे मात्र कुणाच्या घशाखाली उतरेना. ती पहाटे चारला परातीत पीठ घेते, हे सहज उतरायचं. आमटी-भाकरीबरोबर.

सगळं गेट तिला मावशी म्हणायचं. नातं जोडायला खर्च येत नाही, आणि एकदा जोडलं की अवेळी भाकरी मागता येते. कुणी 'घरचाच आहे मी' म्हणत चुलीपर्यंत आला, तर ती उलथनं आडवं धरायची. "मावशी म्हन, पन भाचा व्हऊ नको."

तेव्हा एका मोठ्या कारखान्याचं कॅन्टीन तिला मिळायचं घाटत होतं. मिळालं असतं तर डोक्यावरच्या पत्र्याच्या जागी स्लॅब पडला असता. आमच्या कामगार संघटनेच्या अध्यक्षांनी शब्द टाकला होता, आणि तो टाकल्याची आठवण ते तिला रोज जेवताना करून देत. मग संघटनेचा वर्धापनदिन आला. 'कष्टाची मूर्ती' म्हणून तिच्या दारातच तिचा सत्कार ठरला. वेळ दुपारी एकची. आमची सभा वेळेवर संपल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. शाल, नारळ, चाळीसेक उपाशी कार्यकर्ते, आणि त्या कारखान्याचे मॅनेजर. अध्यक्ष आणि मॅनेजर एकाच गाडीतून उतरले, याचं कुणाला काही वाटलं नाही. माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. मथळा लाल शाईत: विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे.

मावशी दारात आली. केस सुटलेले, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ.

"मावशी, साहेब आलेत," अध्यक्ष म्हणाले. "तवा सरळ करा, चार भाकरी टाका. मग सत्कार उरकू."

"सत्कार कशाचा हाय?"

"तुमच्या कष्टाचा."

"मंग झोपंतनं उठवून आनिक कशाला करायला लावता?"

मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. "बाई, कॅन्टीनला हे चालणार नाही. आमच्याकडे तीन पाळ्या असतात."

"पाळीला मानसं बदलत्यात ना, साहेब? हितं बाई येकच हाय."

साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. अध्यक्ष पुढे सरसावले. "अशानं माणूस मोठा होत नाही, मावशी."

"मला कुठं मोठं व्हायचंय? मला निजायचंय."

शाल तेवढी तिनं घेतली. "पांघरायला व्हईल," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

कॅन्टीन दुसऱ्याला गेलं. पत्रा राहिला. भर उन्हाळ्यात त्याखाली ओलं फडकं तोंडावर टाकून ती झोपायची. 'माज आहे' म्हणणारी मंडळी हळूहळू दोनच्या आत जेवायला यायला शिकली, कारण माजाची चव बरी होती.

गेल्या उन्हाळ्यात ती अशीच दुपारी झोपली आणि उठली नाही. झोपेनंच घात केला, असं सांगणारे लगेच भेटले. पहाटे चारच्या उठण्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

तेरावं झाल्यावर तिच्या सुनेनं, सुनंदानं, खानावळ उघडली. पहिल्याच दिवशी अध्यक्ष सांत्वनाला आले. अर्थातच तीन वाजता, आणि आम्हा पाचसहा जणांना घेऊन. त्यांनी फोटोला हात जोडले, डोळे टिपले, मग चुलीकडे बघितलं.

"सूनबाई, आता तुमचं राज्य. तो तवा करा बरं सरळ."

सुनंदा सासूला आत्या म्हणायची. ती जागची हलली नाही, फक्त आवाज खाली आणला.

"हळू बोला, साहेब. आत्या झोपल्यात."