खंडेनवमीला जळालेला व्हॉल्वचा अँप

माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, मंडप-साउंडच्या धंद्यात आहे. सोलापुरातल्या निम्म्या लग्नांत त्याचेच स्पीकर कोकलतात. त्यामुळं आवाजातलं आपल्याला सगळं कळतं, हा त्याचा ठाम समज. मी शाळेत गणित शिकवते आणि घरी इलेक्ट्रिक गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं दुःखाच्या गाण्यांचं संगीत, वाजवते. आमच्या घरात याला खूळ म्हणतात.

पुण्याच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून मी गिटारचा आवाज मोठा करणारा जुना, काचेच्या व्हॉल्वचा अँप आणला, तेव्हा तो जिन्यातून चढवताना अण्णा म्हणाला, "लई जड धूड हाय की. काचेचे दिवे घालून आवाज कोण काढतंय आता? माझं ट्रान्झिस्टरचं मशीन ने. लाथ मारली तरी चालतंय."

मला काय लाथा मारायच्या होत्या? ट्रान्झिस्टरचा अँप हलका असतो, आमच्याकडच्या कमीजास्त विजेवरही तग धरतो, सगळं मान्य. पण त्याचा आवाज एकतर स्वच्छ, नाहीतर एकदम किरकिरा. मधलं काही नाही, आणि ब्लूज सगळा त्या मधल्यातच असतो. व्हॉल्वच्या अँपवर तार हळू छेडली तर सूर गोड येतो. जोर वाढवावा तसा तो फाटत जातो, रडू दाबून बोलणाऱ्या माणसाचा फाटतो तसा. हे एकदा अण्णाला समजावलं. तो म्हणाला, "फाटका आवाज आला तर गिऱ्हाईक मला हाणतंय." गाढवापुढं वाचली गीता. पुढची सात वर्षं त्या अँपबद्दल मी त्याच्याशी चकार शब्द बोलले नाही.

गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होते. सभागृह लहानच, पण माझी झोप उडाली होती.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा होते, तीही यंत्र चालू ठेवून. बंद यंत्राला कुंकू लावायचं नाही, हा वडिलांपासूनचा नियम. मी त्या सकाळी कुंभारीला मैत्रिणीकडं गेले होते. अण्णानं मला न विचारता माझा अँप खाली आणला, त्यावर विभूती ओढली, झेंडूची माळ घातली आणि बटण दाबलं. अँप घुमायला लागला. पूजेत घरघर नको म्हणून त्यानं स्पीकरची वायर उपसली. त्याच्या मशीनला तसं करून काही होत नाही. आधी मशीन चालू करायचं, दिवा लागला की मग स्पीकर जोडायचे, ही त्याची रोजचीच पद्धत. आरतीनंतर मुहूर्ताचा सूर काढायचा म्हणून त्यानं गिटार जोडून छेडली. आवाज येईना. वायर काढल्याचं विसरून महाशयांनी सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि तारा बडवल्या.

व्हॉल्वच्या अँपला स्पीकर जोडलेला लागतोच. नसला की आतली ताकद बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मी परतले तर घरभर उदबत्तीचा आणि करपल्याचा वास.

मी जे बोलले ते गल्लीनं ऐकलं. अण्णा एवढंच म्हणाला, "पूजा केली, चूक केली व्हय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्या कारागिरानं तो ट्रान्सफॉर्मर उलटसुलट पाहिला आणि हात जोडले.

रविवारी मी अण्णाच्या ट्रान्झिस्टरच्या मशीनवर वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचाही राग आला.

वायरी गुंडाळताना अण्णा खाली मान घालून म्हणाला, "जोरात छेडलंस की ह्यो नुसता वरडतोय. तुझा तो रडायचा."

"तुला कळत होतं?"

"रोज ऐकत होतो की. भिंत एकच हाय आपली."

"मग सात वर्षं हसत का होतास माझ्यावर?"

त्यानं हातातल्या वायरीची गाठ सोडवली. मग हळूच म्हणाला, "स्पीकर काढू नको, एवढं एकदा सांगायचंस की."

सांगितलं नव्हतं. याला काय कळतंय, म्हणून सांगितलं नव्हतं. मी त्याच्या हातातली वायर हिसकावून घेतली आणि त्याच्याकडं पाठ करून गुंडाळत बसले.