समईच्या तेलाचा खटला

गुन्ह्यातलं हत्यार म्हणून निजामाच्या पोलिसांनी आमच्या देवघरातली समई जप्त केली, तेव्हा मी नुकताच वकील झालो होतो.

दिवस दिवाळीतल्या पाडव्याचा. पाडव्याला सारीपाट खेळायचा आमच्याकडे रिवाज. वडील, म्हणजे अण्णा, सरकारी शाळेत मास्तर. वर्षभर विडीलाही न शिवणारे, पण त्या सकाळी पैसा पैसा लावून खेळत. शेजारचे हिमरू विणणारे करीमचाचाही येत. जिंकणारा समईखालच्या ताटलीत एक पैसा टाकी, देवाच्या तेलासाठी. चाचा जिंकले की असे ओरडत, की खुलताबादेला ऐकू जावं! त्या वर्षी ते अमीनसाहेबांना (म्हणजे फौजदाराला) ऐकू गेलं.

अमीन दारात आला, कवड्या पाहिल्या, अण्णांना पाहिलं आणि ओशाळला.

"मास्तरसाब, आप? त्योहार है, खेलो. जरा आवाज कम करो." आणि निघाला की हो!

पण मी गप्प बसेन तर वकील कसला?

"थांबा! कायद्यानं हा जुगाराचा अड्डा होतच नाही! अड्डेवाला जिंकणाऱ्याकडून वाटा घेतो. आमच्याकडं तो पैसा नुसता त्या ताटलीत पडतो!"

अमीन परत फिरला. "कौनसी ताटली?"

"मेल्या, तुला कुणी इचारलं व्हतं का?" आई ओरडली.

"छोटे वकीलसाब, नक्को बोलो!" चाचांनी हात जोडले.

ताटली गेली, समई गेली, कवड्या गेल्या, अण्णाही गेले. मी मागोमाग. वाटेत बड्या अंमलदारांचा क्लब लागला. आत भरदिवसा पत्ते चालले होते (पैशांवर नव्हे, रुपयांवर!), पण तो पडला सभासदांचा खासगी क्लब, परवानगीचा. अमीननं त्या फाटकाला सलाम ठोकला. तो सलाम आठवला की अजून माझं तोंड कडू होतं.

दंड किरकोळ होता; पण गुन्हा शाबीत झाला तर अण्णांची नोकरी जाणार होती. "दुसरा वकील बघा हो," आई रडत म्हणाली.

"घरचं पोरगं असताना?" अण्णा म्हणाले.

कोर्टात मुन्सिफसाहेबांनी सरळ विचारलं, "घरमालकाला यातून काय मिळतं?"

"हुजूर, कवडीसुद्धा नाही! सगळं तेलाला जातं!"

"दिवा कुणाच्या घरात जळतो?"

"आमच्याच!" (अण्णा मागून माझी शेरवानी ओढत होते. मला वाटलं, शाबासकी देताहेत.)

"त्याच्या उजेडात कोण बसतं?"

"अण्णाच! मुलांच्या वह्या तपासतात, हुजूर!"

"म्हणजे घरमालकाचा फायदा," मुन्सिफसाहेब म्हणाले, आणि निकाल सांगून बग्गीतून क्लबाकडे गेले. निकालात माझा युक्तिवाद शब्दशः उतरला होता, फक्त अण्णांच्या विरुद्ध. आठवड्यात त्यांची नोकरी गेली.

मी तावातावानं म्हणालो, "अण्णा, सरळ अन्याय आहे हा! पाडव्याचा सारीपाट म्हणजे काय जुगार झाला?"

"नाय रे बाबा," अण्णा म्हणाले. "जुगार मी जन्मात एकदाच खेळलो. तुला वकील म्हणून उभं केलं, तवा."