शिंगं त्याची, मांस माझं

कोलोरॅडोच्या डोंगरात तिरकमठ्याने हरीण मारायचं, गाइड न घेता, तंबू पाठीवर टाकून, ही कल्पना माझ्या मित्राची. वेड मात्र लागलं मला. नेपरव्हिलमध्ये आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत आणि दोघंही कोड लिहून पोट भरतो. हिवाळाभर मी गॅरेजमध्ये धनुष्य ओढत होतो, खांदे भरून यायचे. खेचरासारख्या लांब कानांच्या त्या हरणाजवळ, वारा तोंडावर घेत, दबकत जायचं, एवढंच डोक्यात असायचं. इतकं मनापासून मी नोकरीसाठीही काही केलं नव्हतं.

शिकारीच्या परवान्यांच्या लॉटरीत अर्ज टाकला आणि दोघांनाही परवाने लागले. मग त्याच्या किचनमध्ये प्लॅनिंग सुरू झालं. पोह्यांची डिश बाजूला सारून तो लॅपटॉपवर नकाशा उघडायचा. पाणी कुठे, तंबू कुठे, सकाळी हरणं कुठल्या उतारावर चरतात, सगळं तोंडपाठ. मला कौतुकच वाटायचं. फक्त हरीण पडल्यानंतर काय, असं विचारलं की तो चहा टाकायला उठायचा. तिथला नियम असा की मांस सोडून यायचं नाही. जागीच कापायचं, पिशव्यांत भरायचं आणि खेपा मारत गाडीपर्यंत उतरवायचं.

एका रविवारी मी विषय लावूनच धरला. तेव्हा त्याने सहज सांगून टाकलं की तो शाकाहारी आहे, मांसाला हात लावणार नाही. त्याला शिंगं हवी होती, बेसमेंटमधल्या बारच्या वर टांगायला.

"मारणं डिफरंट आहे यार, तो स्पोर्ट आहे," तो म्हणाला.

"आणि कापायचं कुणी?"

"तू आहेस ना. तुमच्यात चालतं, म्हणून तर तुला विचारलं."

ओट्याशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने वळूनही पाहिलं नाही. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला शिसारी आली. आमच्याकडे रविवारी मटण असतं हे खरं, पण ते इंडियन स्टोअरमधून तुकडे होऊन येतं. जन्मात मी कोंबडीची मानसुद्धा धरलेली नाही. कापणं मी व्हिडिओ बघून शिकत होतो, तसं त्यालाही शिकता आलं असतं. पण वाटणी आधीच ठरली होती. बाण आणि फोटो त्याचा, सुरी आणि ओझं माझं. आणि हा माणूस मला दोस्त म्हणत होता.

मी परवाना परत केला. फोनवर सांगितलं तर म्हणाला, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. धनुष्याकडे त्यानंतर मला बघवेना.

शिकारीचा हंगाम आणि गणपती एकदमच आले. मंडळाच्या हॉलमध्ये, आरतीनंतर जेवणाच्या रांगेत, तो माझ्या पुढेच उभा राहून सगळ्यांना सांगत होता की ऐन वेळी याने कच खाल्ली. लोक हसले. मी ताट हातात घट्ट धरून उभा राहिलो. मागच्या एका काकांनी त्याला विचारलं, "अरे, मग तू का नाही गेलास?"

"एकटा कसा जाऊ काका? मांस कोण उचलणार?"

काकांनी मान डोलावली. त्यांना ते अगदी पटलं होतं.