कर्नल ऑब्रीने निवडलेलं घर

कर्नल ऑब्रीचे नातेवाईक मोजायला बसलं, तर चहाची किटली थंड व्हायची. बाप मार्चवुडचा लॉर्ड, मामा जनरल, बहीण व्हेनेशिया तर डचेसच झालेली. पण त्या घरातली रीत अशी की जमीनजुमला, वाडा सगळा थोरल्याला. धाकट्याने आजोबांच्या घोडदळात जायचं आणि गप्प बसायचं. ऑब्री गेला. सुदान पाहिलं, दक्षिण आफ्रिका पाहिली, फ्रान्समध्ये डावा हात ठेवून आला.

एवढ्या मोठ्या माणसाला नाक पुसायला शिकवलं होतं हॅना प्रिचर्डने. वाड्यावरची दाई ती. पुढे जंगलाच्या राखणदाराशी लग्न करून ती ओढ्याजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेली. ते घर नोकरीसोबत मिळालेलं. नवरा वारला, मुलगा लढाईत गेला, आणि कारभारी दारात येऊन म्हणाला, "बाई, नवा राखणदार यायचाय. सप्टेंबरअखेरच्या सणापर्यंत घर मोकळं करा."

हॅना सामान बांधायला बसली. ऑब्री भेटायला आला, तेव्हा तिची चिनीमातीची भांडी गवतात बांधलेली होती.

"नॅनी, कुठे निघालीस?"

"निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात, ऑब्रीबाबा. तिथे म्हणे लापशी पातळ असते. आणि तुम्ही गळपट्टा विसरलात पुन्हा."

बापामागे इस्टेट आता भावाकडे होती; ऑब्री त्याच्याकडे गेला. थोरला गॉडफ्री वाईट नव्हता, फक्त थोरला होता. "एकीला सूट दिली की सगळे मागतील," म्हणाला.

सप्टेंबरअखेरच्या सणाला सगळ्या कुळांना वाड्यावर भाजलेल्या हंसाचं जेवण असे. मार्चवुडांची एक जुनी रीत होती : लढाईवरून परतलेल्या धाकट्याने त्या पंगतीत उभं राहून इस्टेटीतलं एक छप्पर मागायचं, ते त्याला मरेपर्यंत. सगळ्यांना ठाऊक होतं, ऑब्री तळ्याकाठचं बारा खोल्यांचं घर मागणार. पडदेसुद्धा धुऊन टांगले होते.

ऑब्री उठला. "मला ओढ्याजवळचं राखणदाराचं घर हवं."

पंगतीतले काटे-चमचे थांबले. गॉडफ्रीचा चेहरा हंसापेक्षा लाल. "अरे, तिथे तुझे बूट तरी मावतील का? आणि नव्या राखणदाराने कुठे राहायचं?"

"तळ्याकाठी. पडदे छान धुतलेत."

कुळं हसली, टाळ्या पडल्या. एवढ्या लोकांसमोर वाडवडिलांची रीत मोडायची गॉडफ्रीची काय छाती! त्याने पेला उचलला.

दुसऱ्या दिवशी ऑब्री एक ट्रंक घेऊन हॅनाच्या दारात हजर. "भाडेकरू ठेवशील?"

"घर तुमचं आणि मी ठेवू?"

"माझं मी जिवंत असेपर्यंत. तेव्हा सांभाळ मला."

ते तिने मनावर घेतलं. लढाईत तोफांना न घाबरलेल्या माणसाला ती गळपट्ट्याशिवाय उंबरा ओलांडू देईना. डचेसबाई भेटायला आल्या, तेव्हा चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. "ऑब्री, असल्या घरात लोक काय म्हणतील?"

"आधी वाकायला शिका, व्हेनेशियाताई," हॅना चुलीपासून म्हणाली. "आणि पाय पुसा."

डचेसने पाय पुसले. तिलाही हॅनानेच वाढवलेलं.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. मग एका थंडीत हॅनाच आधी गेली, आपल्या पलंगावर, आपल्या छपराखाली. खांदा द्यायला पुढे कर्नल होता. एकच हात, तरी वाटेत खांदा बदलू दिला नाही. गळ्यात गळपट्टा मात्र नीट गुंडाळलेला होता.